बाप्पाच्या पाठीमागची भिंत

रागाचं मला अप्रूप नाही. मी नागपूरची. आमच्याकडे ऊन आणि राग दोन्ही लवकर चढतात आणि उशिरा उतरतात. त्यात माझा धंदा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, आणि नवऱ्याचं म्हणणं असं की घरी मी तेच काम फुकट करते. पण मागच्या गणपतीपासून माझ्या डोक्यात जो राग बसलाय तो उतरायचं नाव घेत नाही. आणि खरं सांगते, उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो. गावाचं नाव सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. दर तिसऱ्या दारावर तोरण, दुकानात ताजा कढीपत्ता, आणि संध्याकाळी वॉकला निघालं की कानात इअरफोन घालून आईशी मराठीत, तेलुगूत, गुजरातीत भांडणारी माणसं. गावाच्या मधोमध एक पार्क आहे. पार्कात पिकनिकवाल्यांसाठी मोठी शेड, आणि शेडच्या एका बाजूला पूर्ण विटांची रुंद भिंत. ती वर्षानुवर्षं रिकामी होती. तिच्यावर चित्र काढायचं टाउनने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, ठरवलं आणि काम दिलं आमच्या मुलीच्या ड्रॉइंगच्या बाईंना.

मुलगी आता कॉलेजात आहे, पण सहावी-सातवीत तिला या बाई होत्या. माझ्याच वयाच्या. पुस्तकात कृष्णवर्णीय लिहितात; बाई स्वतःला ब्लॅक म्हणतात, ठणकावून म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. वर्गात आवाज असा की शेजारचा वर्गही गप्प बसावा. पोरांनी आकाश निळं रंगवलं की विचारायच्या, ‘‘आज खिडकीतून बघितलंस का?’’ माझ्या मुलीला बघायला शिकवलं ते या बाईंनी. मी फक्त होमवर्कला ओरडले.

चित्र काय होतं ते सांगते. बायकांची रांग. एकीच्या मागे एक बसलेली, आणि जी ती आपल्या पुढचीची वेणी घालतेय. डोक्याला चिकटून जाणाऱ्या बारीक बारीक वेण्या, तासन् तास लागतात त्या. सगळ्यांत पुढे शाळकरी मुलगी, तिच्यामागे तिची आई, तिच्यामागे मावशी, अशा करत करत सगळ्यांत मागे बाईंची स्वतःची आई. तिच्यामागे कोणी नाही. ती थेट बघणाऱ्याकडे बघतेय.

बाईंची आई ऐंशीच्या पुढची. व्हीलचेअरवर. शनिवारी बाई त्यांना पार्कात आणून बसवत आणि त्यांच्यासमोर रंग कालवत. डब्यांच्या झाकणांवर तपकिरी रंगाचे इतके प्रकार केलेले मी जन्मात पाहिले नव्हते. एकेक झाकण आईच्या गालाला लावून बघायच्या आणि मान हलवून पुन्हा कालवायच्या. मी ताक घेऊन गेले होते, तिथेच थबकले. मला बघायला आलेली स्थळं आठवली. ‘‘मुलगी हुशार आहे, पण रंगाने डावी.’’ आईने मला दुधाची साय लावून लावून बेजार केलं होतं. आणि इथे एक लेक आईच्या गालाचा रंग हुबेहूब जमावा म्हणून उन्हात घाम गाळत होती. मला रडूच आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

म्हातारी बोलकी होती. त्यांनी मला सांगितलं, या पार्कच्या जागी त्यांच्या वडिलांचं तंबाखूचं शेत होतं. रस्ता आला, नोटीस आली, शेत गेलं. आणि त्या लहान असताना शेजारच्या गावात एक पार्क होता. तळं होतं, बदकं होती. ब्लॅक पोरांना आत जायची बंदी. भाऊ-बहिणी कुंपणाच्या तारेला नाक लावून बदकं बघायचे. ‘‘आता मी आत आहे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि भिंतीवर चढले की मला इथून ऊठ म्हणायची कोणाची टाप नाही. मी गेल्यावरसुद्धा नाही.’’ आणि खदखदून हसल्या. हे वाक्य त्यांनी मला निदान तीन शनिवार ऐकवलं. म्हातारीला त्या भिंतीवर बसायचं होतं, बस्स. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं.

आता आमच्या लोकांकडे येते.

मोठं चित्र भिंतीवर उतरवायची बाईंची एक रीत होती. आधी त्या भिंतभर वेड्यावाकड्या खुणा करत. फुल्या, गोल, रेघोट्या, उलटीसुलटी अक्षरं, हाताला येईल ते. मग त्याचा फोटो काढायचा, टॅबलेटवर त्या फोटोवर आपलं छोटं चित्र ठेवायचं, आणि बघायचं की नाक कुठल्या फुलीपाशी येतं आणि कान कुठल्या गोलापाशी. एवढ्या मोठ्या भिंतीवर मोजपट्टी घेऊन कोण चढणार? रीत अगदी शहाणपणाची. पण न कळणाऱ्याला वाटावं, कोणीतरी भिंत घाण करून ठेवलीय.

आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना तसंच वाटलं. मूळचे पुण्याचे, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, मी त्यांना भाऊ म्हणते. ते सकाळी वॉकला गेले, लांबून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. ‘‘पार्कात ग्राफिटी चालू आहे. एक लेडी आहे. पोलिसांना कॉल केलाय. बेटर सेफ दॅन सॉरी.’’ खाली अंगठ्यांची ही रांग. ‘‘गुड जॉब.’’ ‘‘थँक्यू भाऊ, फॉर कीपिंग अस सेफ.’’ अरे, जवळ जाऊन विचारायचं होतंत ना, बाई काय करताय म्हणून! दोन पावलं होती. पण नाही. अडलेल्या वाटसरूला पत्ता सांगायला थांबणार नाहीत, पोलिसांचा नंबर मात्र पाठ.

मी घरून काम करत होते. मीटिंग तशीच सोडली, चपला सरकवल्या आणि पळत सुटले. पोलिसांची गाडी शेडला लागून उभी होती. बाई भिंतीकडे पाठ करून उभ्या, दोन्ही हात पुढे, पंजे उघडे. ब्रश त्यांनी आधीच खाली ठेवला होता. आणि इतकं हळू, इतकं गोड बोलत होत्या की वर्गात गरजणाऱ्या बाई याच का, असं वाटलं. परवानगीचा कागद बॅगेत आहे, आता मी बॅग उघडते, आता मी उजवा हात आत घालते. प्रत्येक हालचाल आधी बोलून मग केली. पोलीस तरुण होता, सभ्य होता. कागद बघितला, सॉरी म्हणाला, चित्र छान होईल म्हणाला आणि गेला.

शनिवार नसूनही बाईंच्या आई त्या दिवशी शेडमध्ये बसल्या होत्या; त्यांनी मला जवळ बोलावलं. ‘‘घाबरू नकोस,’’ म्हणाल्या. ‘‘हात कुठे ठेवायचे ते तिला मी लहानपणीच शिकवलंय.’’ म्हणजे ज्या हातांना वेणी घालायला शिकवलं, त्यांनाच हेही शिकवावं लागलं. मी घरी येऊन ग्रुपवर लिहिलं की ती लेडी म्हणजे आपल्या मुलांची ड्रॉइंगची बाई आहे, निम्म्यांची पोरं तिच्या वर्गात होती, लाज वाटू द्या. भाऊंचं उत्तर आलं, ‘‘मला काय माहीत? आणि काही झालं तर नाही ना?’’ हे आमच्या लोकांचं लाडकं वाक्य. काही झालं तर नाही ना. जणू ते काही म्हणजे फक्त गोळी.

असो. चित्र ऑगस्टच्या शेवटाला पूर्ण झालं. बाईंनी भिंतीपुढे दोरी बांधली आणि पाटी लावली की रंग अजून पक्का झालेला नाही, वरून संरक्षक थर द्यायचा आहे, तोवर भिंतीला काही टेकवू नका. आमच्याकडची हवा दमट, रंग वाळता वाळत नाही. म्हातारी रोज संध्याकाळी येऊन स्वतःसमोर बसायची. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, ‘‘कोण जास्त सुंदर दिसतंय, ती का मी?’’

आणि मग आले गणपती.

मंडळाचा गणपती त्याच शेडमध्ये असतो, वीकएंडला. रीतसर बुक करतो आम्ही. माझ्याकडे मोदकांचं काम होतं, त्यामुळे सकाळी डेकोरेशनला मी नव्हते. डबे घेऊन पोहोचले आणि बघते तर भिंत गायब! त्या अख्ख्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फ्लेक्स. मधे बाप्पा, वर मंडळाचं नाव, आणि दोन्ही कोपऱ्यांत स्पॉन्सर. एका कोपऱ्यात घरं विकणाऱ्या एजंटचा दात काढून हसणारा फोटो. तो बरोबर म्हातारीच्या तोंडावर आला होता. फ्लेक्स पडू नये म्हणून कडेने, आणि मागच्या बाजूनेही दुमडून, आडवी-उभी डक्ट टेप, ती जाड चिकटपट्टी, मारलेली. आणि ती दोरी? ती सोडून दर्शनाच्या रांगेला बांधली होती. पाटी टेबलाखाली. तिच्यावर चपला.

‘‘भाऊ, हे काय?’’ मी विचारलं.

‘‘अगं, बाप्पाच्या मागे ते बरं दिसत नाही. फोटो इंडियात जातात सगळे. बॅकग्राउंड जरा आपलं नको का?’’

‘‘बॅकग्राउंड? माणसं आहेत ती! आणि ओला आहे रंग अजून. पाटी वाचली नाहीत?’’

‘‘वाचली ना. हलकेच लावलंय. हे बघ, शेड आपण बुक केलीय, भाडं भरलंय. आजचा दिवस ही भिंत आपली. आरतीची वेळ झालीय, नंतर बघू.’’

झांजा सुरू झाल्या. माझ्या हातात मोदकांचे डबे. चारशे माणसांत, देवापुढे, आरती थांबवून भांडायचं म्हटलं तर भांडता येतं, पण टेप काढली तर रंग निघणार हे मला दिसत होतं. न काढता बाईंना बोलवावं, त्याच काय ते करतील, असं ठरवून मी बाहेर जाऊन फोन केला. बाई चर्चमध्ये होत्या, फोन बंद. मी निरोप ठेवला. भाऊंना बजावून सांगितलं की बाई येईपर्यंत फ्लेक्सला हात लावायचा नाही. ते हो हो म्हणाले.

आमच्याकडे विसर्जन टबात होतं, पार्कच्या दुसऱ्या टोकाला. सगळे तिकडे गेलो. परत येते तो आवराआवर सुरू झालेली, कारण शेड पाचला रिकामी करून द्यायची होती. मी लांबूनच ओरडले, ‘‘थांबा!’’ पण चौघांनी दोन बाजूंनी फ्लेक्स धरला आणि एका झटक्यात ओढला. फर्रकन आवाज झाला. पोरं हसली.

मग कोणी हसेना. बायकांच्या रांगेवर खालच्या अस्तराचे आडवे-उभे पांढरे पट्टे, जसे कोणी सोलून काढले असावेत. कोणाचे हात गेले होते, कोणाच्या वेण्या. आणि सगळ्यांत मागच्या म्हातारीचा अर्धा चेहरा नव्हता. एक डोळा, गाल, ओठांचा कोपरा. तो फ्लेक्सच्या मागे टेपला चिकटून आला होता. मी डोळ्यांनी पाहिला तो गाल.

‘‘अरे बापरे,’’ भाऊ म्हणाले. आणि पुढच्या श्वासाला, ‘‘चला, आवरा पटकन.’’ त्यांनी फ्लेक्सची गुंडाळी केली, गाल आत आणि एजंट बाहेर, आणि मिनीव्हॅनमध्ये टाकली. माझ्या तोंडातून जे शब्द निघाले ते मी इथे लिहीत नाही. गणपती नुकताच गेला होता, त्याने ऐकले नसतील अशी आशा आहे.

बाई संध्याकाळी आल्या. आई बरोबर होत्याच. मी तिथेच पायरीवर बसून होते. बाईंनी भिंतीवरून एकदा हात फिरवला. म्हातारी कितीतरी वेळ आपल्या चेहऱ्याकडे बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, ‘‘मला थंडी वाजतेय, घरी चल.’’ सप्टेंबरचा उकाडा होता. घामाने माझी साडी पाठीला चिकटली होती.

मी बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘मला माहीत आहे. तुमच्या मंडळाच्या पेजवर फोटो आहेत की.’’ होतेच. अध्यक्ष फ्लेक्सपुढे हात जोडून उभे. आम्ही चोरी करतो तीसुद्धा फोटो काढून.

खरी आफत नंतर आली. ज्यांना हे चित्र मुळातच खुपत होतं असे काही लोक गावात होते, त्यांना आयतं कोलीत मिळालं. रंग उडालेली भिंत वाईट दिसते, गावाची शोभा जाते, अशा तक्रारी सुरू झाल्या. टाउनच्या कर्मचाऱ्यांनी सुचवलं, दुरुस्तीच्या भानगडीत पडण्यापेक्षा सगळी भिंत न्यूट्रल रंगाने रंगवून टाकू, म्हणजे कोणाचीच तक्रार नको. न्यूट्रल म्हणजे कोणता? बेज. फिकट मातकट, आमच्या कॉलनीतलं प्रत्येक घर ज्या रंगाचं आहे तो. काउन्सिलच्या सभेत निर्णय व्हायचा होता.

‘‘तुम्ही सांगा ना सभेत, कोणी केलं ते,’’ मी बाईंना म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या वर्गातली ढ मुलगी आहे. ‘‘मी सांगितलं तर ते ऐकतील की ही बाई एका देवाच्या उत्सवाविरुद्ध बोलतेय. ब्लॅक विरुद्ध इंडियन. काउन्सिलला असं भांडण नकोच असतं. ते त्याच दिवशी बेज डबा उघडतील. तुमच्यापैकी कोणी बोललं तरच भिंत वाचेल.’’

तुमच्यापैकी. नवरा म्हणाला, ‘‘कशाला नादी लागतेस? आपल्याला इथेच राहायचंय.’’ मी म्हटलं, म्हणूनच. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, ‘‘आई, इफ यू डोंट से इट, आय विल ड्राइव्ह डाउन अँड से इट मायसेल्फ.’’ पोरगी माझ्यावर गेलीय.

सभेच्या आदल्या दिवशी भाऊ आणि वहिनी घरी आले. प्रसादाचा डबा घेऊन. मी चहा टाकला, कारण घरी आलेल्याला चहा द्यायचा असतो, तो कोण आहे हे नंतर बघायचं.

‘‘हे बघ,’’ भाऊ म्हणाले, ‘‘कमिटीचं ठरलंय. कोणी विचारलं तर वेदर डॅमेज. दमट हवा, रंग निघाला. तू उगाच मधे पडू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची.’’

‘‘मूठ नाही झाकलीत तुम्ही. एका म्हातारीचं तोंड झाकलंत, आणि मग ते ओरबाडून नेलंत.’’

‘‘मुद्दाम केलं का कोणी? कमिटीत व्हिसावरची पोरं आहेत. उद्या कोणाच्या पेपर्समध्ये लफडं झालं तर? आणि मंडळाला परत शेड मिळाली नाही तर? आपण इथे बाहेरचे आहोत, हे विसरू नकोस. मला मागच्या वर्षी पार्किंग लॉटमध्ये एकाने तोंडावर सांगितलं, गो बॅक. तुझी वहिनी होती बरोबर. विचार हिला.’’

वहिनींनी मान खाली घातली. ते खरं होतं, मलाही एकदा ऐकावं लागलं होतं. पण म्हणून मी थांबले नाही.

‘‘भाऊ, तुम्हाला गो बॅक म्हटलं तेव्हा तुमच्या पोटात जे झालं, तेच तुम्ही त्या बाईला पोलीस बोलावून केलंत. आणि दोन वर्षांपूर्वी ढोल-ताशाच्या आवाजावर लोकांनी तक्रार केली, तेव्हा काउन्सिलपुढे आपल्या बाजूने कोण उभं राहिलं होतं? याच बाई. ज्या पार्कात कोणी आवाज करत नाही त्याला स्मशान म्हणतात, असं सांगितलं त्यांनी. टाळ्या वाजवल्या होत्यात तुम्ही. टेप लावली म्हणून कोणाचा व्हिसा जात नाही हो, खोटं बोललात तर मात्र इज्जत जाईल. तो फ्लेक्स कुठे आहे?’’

‘‘गॅरेजमध्ये.’’

‘‘फेकला नाहीत?’’

‘‘फेकायचा कशाला? पुढच्या वर्षी लागेल ना.’’

मी कपाळावर हात मारला. यांना काय सांगायचं आणि कुठून सुरू करायचं? वहिनी मात्र जाताना दारात थांबल्या, माझा हात दाबला आणि म्हणाल्या, ‘‘तू बोल.’’ मग भाऊंच्या मागे गाडीत जाऊन बसल्या.

सभेला नेहमीपेक्षा गर्दी होती. बोलणाऱ्या प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर घड्याळ, वेळ संपली की बीप. एक गृहस्थ उठले, फार शांतपणे म्हणाले की कलेला आमचा विरोध नाही, पण पार्क सगळ्यांचा आहे, मग एकाच समाजाची चित्रं का? आमची मंडळी माना डोलावत होती. सगळ्यांचा! शेत कोणाचं होतं ते विचारा ना आधी. भाऊ उठले, मंडळातर्फे खेद व्यक्त केला आणि म्हणाले, हवामानामुळे रंग निघाला असावा.

माझं नाव पुकारलं. मी इंग्रजीत पाठ करून गेले होते, पण माइकपाशी गेल्यावर पाठ केलेलं सगळं उडालं. मी म्हटलं, हवामानाने नाही निघाला. आमच्या मंडळाने फ्लेक्स लावला, डक्ट टेपने लावला, भिंतीपुढची दोरी सोडून लावला, पाटी वाचून लावला. मी तिथे होते. फाटताना आवाज ऐकला. ती भिंत आम्ही एका दिवसासाठी भाड्याने घेतली होती, ती माणसं नाही. चूक आमची आहे, शिक्षा त्या बायकांना का देताय? आमच्या दारातली रांगोळी कोणी पायाने पुसली तर आम्ही त्याला शिव्या देतो, अंगण खणून काढत नाही. एवढं बोलेपर्यंत माझा आवाज चढला होता. मागून कोणीतरी मराठीत म्हणालं, ‘‘गद्दार.’’ मी वळून मराठीतच सांगितलं, ‘‘उभं राहून बोल की, नागपूरचा कान आहे, ऐकू येतं.’’ बीप वाजली.

माझ्यानंतर बाईंच्या आईचं नाव होतं. बाईंनी खुर्ची ढकलत माइकपाशी नेली. अध्यक्षस्थानी बसलेल्या मॅडमनी सांगितलं, सुरू करा, तीन मिनिटं आहेत. घड्याळ सुरू झालं.

म्हातारी बोलल्याच नाहीत. त्यांनी माइक बाजूला केला, हात मांडीवर ठेवले, मान ताठ केली आणि समोरच्या सातही जणांकडे नुसतं बघत राहिल्या. भिंतीवर बघत होत्या तसं, थेट. मॅडम म्हणाल्या, ‘‘आपला वेळ जातोय.’’ त्यांनी मान हलवली, माहीत आहे. एक काउन्सिलवाला कागद चाळू लागला, मग त्याने कागद खाली ठेवले. दुसरा पाणी प्यायला. कुठे बघावं ते कोणालाच कळेना, आणि त्या चेहऱ्याशिवाय बघायला दुसरं काही नव्हतं. सुरकुत्या, पांढरे केस, बाईंनी घातलेल्या बारीक वेण्या, तो गाल, तो डोळा. अख्खा चेहरा. बाई खुर्चीमागे उभ्या होत्या, त्यांचे हात आईच्या खांद्यांवर होते.

बीप वाजली. मग म्हातारी बोलल्या.

‘‘आता सांगा, बेज रंग कुठून लावायला सुरुवात करणार? कपाळापासून की हनुवटीपासून?’’

मतदान झालं. एका मताने भिंत वाचली. एका! सातातल्या तिघांनी तो चेहरा तीन मिनिटं बघूनही हात वर केला, पुसून टाका म्हणून. त्या तिघांची तोंडं मी लक्षात ठेवली आहेत, निवडणूक यायचीच आहे. बाईंनी आईच्या डोक्यावर आपलं कपाळ टेकवलं आणि तशाच राहिल्या.

मग टाळ्या सुरू झाल्या. पहिली टाळी कुठून आली म्हणून मी वळून पाहिलं, तर आमचे अध्यक्ष उभे राहून, डोळे ओले करून, जोरजोरात टाळ्या वाजवत होते. शेजारच्या गोऱ्या बाईला सांगत होते, ‘‘वी आर सो प्राउड ऑफ धिस म्युरल.’’

मी खुर्च्यांमधून वाट काढत त्यांच्यापाशी गेले, त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांत धरले आणि खाली केले. ‘‘भाऊ,’’ मी म्हटलं, ‘‘टाळ्या नंतर. आधी जा, त्यांच्यासमोर उभे राहा, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून सांगा की कोणी केलं.’’

त्यांनी हात सोडवून घेतले. म्हातारी तिथेच होत्या, दहा पावलांवर, भाऊंकडेच बघत. भाऊंनी खिशातून गाडीची किल्ली काढली, वहिनींना चल म्हणाले आणि मागच्या दाराने निघून गेले.

वहिनी गेल्या नाहीत.